सोमवारी पोर असतं कुठे?

शाळेत सोमवार हा लोहाच्या गोळीचा वार. पाच ते नऊ वर्षांच्या मुलाला गुलाबी गोळी, दहा ते एकोणीसपर्यंतच्याला निळी. गुलाबीत 45 मिलिग्रॅम लोह, निळीत 60, आणि दोन्हींत फॉलिक ॲसिड. खिचडी खाऊन झाली की गुरुजींच्या डोळ्यांदेखत गिळायची. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाने 2018 साली हे वेळापत्रक देशभर लावून दिले. वेळापत्रक म्हणून त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. गोळ्या किती आल्या, किती वाटल्या, किती उरल्या, हा हिशेब तालुक्यातून जिल्ह्याला जातो, जिल्ह्यातून मुंबईला. माझा शिंदखेड्यापुरता एकच प्रश्न आहे. दिवाळी उलटल्यावर सोमवारी भिलाटीतलं, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतलं, पोर असतं कुठे?

ते उसाच्या फडात असतं.

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्याच्या पोटातून भुसावळ-सुरत रेल्वे जाते. नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा ही इथली स्टेशने. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे निघतात. काही दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात, काही पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यामागे पोर असते: धाकट्याला सांभाळायला, मोळीला हात लावायला, वाढे गोळा करायला. हे काल-परवाचे नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970च्या दशकात बारडोलीच्या साखर पट्ट्यात फिरून खानदेशातून येणाऱ्या याच मजुरांवर लिहिले होते. तेव्हा फडात खेळणारे पोर आज आजोबा झाले असेल, आणि त्याचे नातवंड आज त्याच पट्ट्यात असेल. पन्नास वर्षांत सरकारला या वाटेचे वेळापत्रक कळले नाही असे कोण म्हणेल? मुकादमाला तर तारखेसकट पाठ आहे.

दिवाळीपासून होळीपर्यंत वीसेक सोमवार येतात. ते सगळे या पोरांचे बुडतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन वर्षातून दोनदा ठरवला आहे, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट. त्यातला फेब्रुवारीचा दिवस ऐन गळीत हंगामात येतो. म्हणजे गोळीही चुकते आणि जंताचे औषधही, तेही ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच वाट्याचे. पोर आजीजवळ राहावे म्हणून गावातच हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे. जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे तिचा उपयोगही होतो. पण वसतिगृहाची मंजुरी आणि मुकादमाची गाडी यांत गाडी आधी येते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणालाही सांगावे लागत नाही.

आता मोजणीकडे या, कारण खरा अन्याय तिथे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 या काळात, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांत रक्त कमी आढळले. चौथ्या फेरीत हाच आकडा 53.8 होता. आकडा पाच वर्षांत पंधराने चढला आणि त्यावर थोडी चर्चा झाली, ती योग्यच होती. पण हे सर्वेक्षण बोटातून रक्त घेते ते पाचव्या वर्षापर्यंत, आणि नंतर पुन्हा घेते ते पंधराव्या वर्षी. मधली दहा वर्षे ते पोराकडे पाहत नाही. नेमकी शाळेची वर्षे. ती उणीव भरून काढायला 2016 ते 18 मध्ये समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झाले. त्यात शिरेतून रक्त घेतले आणि देशभरातल्या पाच ते नऊ वयाच्या मुलांत 24 टक्के, दहा ते एकोणीस वयाच्या मुलांत 28 टक्के ॲनिमिया निघाला. ते सर्वेक्षण राज्यापर्यंत येऊन थांबते. जिल्हा त्यात दिसत नाही, मग तालुक्याचे नावच नको. शिंदखेड्यातली आठ वर्षांची भिल्ल मुलगी या दोन्ही मोठ्या सर्वेक्षणांच्या मधल्या फटीत उभी आहे. कुपोषणाची बातमी तिच्या धाकट्या भावाची होते. ॲनिमियाची बातमी तिच्या गरोदर आईची होते. तिची होत नाही.

वयाची फट झाली. नकाशाचीही आहे.

2 डिसेंबर 1985च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातले अनुसूचित क्षेत्र ठरले. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातले नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी त्यात आले. साक्री आणि शिरपूर तालुक्यांतली काही गावे आली. शिंदखेडा आले नाही. पुढे 1 जुलै 1998ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, आणि त्याबरोबर आदिवासी हा शब्दही धुळ्यातून जणू तिकडे बदलून गेला. पत्रकार धडगावला जातात, मोलगीला जातात, सातपुड्याचे फोटो काढतात. त्यांनी जायलाच हवे, तिथले दुःख मोठे आहे. पण 2011च्या जनगणनेत उरलेल्या धुळे जिल्ह्यातही शंभरातले एकतीसहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. ते काही सगळे डोंगरात राहत नाहीत. तापी-बुराईच्या काठच्या सपाटीवर, गुजर-पाटलांच्या गावाला लागून, ओढ्याकडेच्या उताराला भिलाटी असते. तिथे डोंगर नाही, जंगल नाही, म्हणून फोटोही नाही. आणि अनुसूचित क्षेत्र नाही म्हणून पेसाही, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदाही, नाही. पेसा ग्रामपंचायतींना 2015पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो. भिलाटी पेसाबाहेर असेल तर तिने मागायचे गावच्या ग्रामपंचायतीकडे. तिथे तिचे किती चालते ते गावोगाव वेगळे असते, पण भिलाटीचे पोर रोज पाटलाच्या पोराच्या मागेच बसते.

जमात तीच, रक्त तेच, फक्त हद्द वेगळी. हिमोग्लोबिनला हद्द कळत नाही. योजनेला मात्र कळते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना घ्या. महाराष्ट्राने 2015मध्ये आदिवासी भागांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी ती सुरू केली, नंतर लहान मुलांना त्यात अंडी आणि केळी दिली. योजना चांगली आहे, तिच्याबद्दल माझा आक्षेप नाही. पण हद्दीच्या आतही ती मुलाला सहाव्या वर्षापर्यंतच पुरते. पहिलीत नाव घातले की अंडे थांबले. पोराची हाडे वाढण्याची, मुलीची पाळी सुरू होण्याची वर्षे तर पुढे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वयाला दिवसाला 15 मिलिग्रॅम लोह लागते. दहा ते बारा वयाच्या मुलाला 16, आणि त्याच वयाच्या मुलीला 28. मुलीची गरज जवळपास दुप्पट होते त्याच वर्षी आपण तिला सर्वांत कमी मोजतो.

रक्त कमी असलेले पोर वर्गात कसे ओळखायचे? बहुतेक वेळा ते आजारी दिसत नाही. ते धावण्याच्या शर्यतीतून मागे राहते. दुपारी डोळे मिटू लागते. खडू खाते, पाटीवरची पेन्सिल खाते, भिंतीची माती चाटते. घरी त्यासाठी मार बसतो, शाळेत बोलणी बसतात. माती खाण्याची ओढ ही बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेची खूण असते, हे शिक्षकाला कुणी सांगितलेले नसते. मग शेरा पडतो: लक्ष नाही, आळशी, मठ्ठ. भिल्लाच्या पोरावर हे शेरे आधीच तयार असतात, त्याला फक्त निमित्त लागते. आई मात्र एका वाक्यात निदान सांगते, “पोरना आंगमा रगत नही.” तिने पापणी ओढून पाहिलेली नसते, तळहात पाहिलेला असतो.

पापणी ओढून पाहणे हे सरकारी तपासणीचेही मुख्य साधन आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याचे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत येते. मुलांची उंची, वजन, दात, डोळे, कान, त्वचा, हृदय, सगळे एका फेरीत पाहायचे असते. पथकातले डॉक्टर कष्ट करतात आणि त्यांच्या हातून जन्मतः हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुले वाचली आहेत. पण नुसत्या डोळ्याला फिकेपणा दिसतो तो रक्त फार उतरल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेची रेषा पाच ते अकरा वयासाठी डेसिलिटरमागे 11.5 ग्रॅम आहे, बारा ते चौदासाठी 12. दहावर आलेले पोर पापणीत ओळखू येईलच असे नाही. आठच्या खाली गेले तर ते तीव्र ॲनिमियाचे रुग्ण. ती रेषा आणि आठ यांच्या मधली मुले पथकाच्या हातून निसटतात, आणि मधलीच मुले सर्वांत जास्त असतात.

सोमवारच्या गोळीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. आठवड्याला एक गोळी ही प्रतिबंधाची मात्रा आहे, उपचाराची नाही. ॲनिमियामुक्त भारतच्याच मार्गदर्शिकेत उपचार वेगळा दिला आहे. पाच ते नऊ वयाला वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम लोह, रोज, दोन महिने. दहा ते एकोणीसला 60 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, रोज, तीन महिने. मग पुन्हा तपासणी. जे पोर नऊवर आहे त्याला आठवड्याची एक गोळी देऊन आपण रजिस्टर भरतो, त्याचे रक्त भरत नाही. आणि कुणाला रोजची द्यायची हे बोटातल्या थेंबाशिवाय ठरत नाही. त्या थेंबासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हातात मावणारे डिजिटल हिमोग्लोबिनमीटर आरोग्य खात्याकडे आहे, पट्टी लागते, सुई लागते, मिनिटभर वेळ लागतो. देशातला लोहगोळीचा पहिला राष्ट्रीय कार्यक्रम 1970चा. अर्धशतकाहून अधिक काळ आपण गोळी घेऊन फिरतो आहोत, आणि शाळेतल्या पोराचे रक्त मोजायला अजून हात आखडतो.

यात आणखी एक गुंता आहे, आणि तो भिल्लांच्या वस्तीत टाळता येत नाही. सिकलसेल. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासींमध्ये यावर आयुष्य घातले. 2002मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण 20 ते 35 टक्के दिसते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण गावात या एका शब्दावरून लग्ने मोडतात. वाहकाला त्या दोषामुळे ॲनिमिया होत नाही आणि लोहाची गोळी त्यालाही चालते. पण आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता पोर रुग्ण होण्याची. त्या पोराच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, सांधे ठणकतात, ताप-न्यूमोनिया जिवावर बेततो. त्याचे रक्त कमी असते ते लोह कमी म्हणून नव्हे. त्याला फॉलिक ॲसिड लागते, गरज पाहून हायड्रॉक्सियुरिया हे औषध लागते, लोह द्यायचे की नाही ते डॉक्टरने तपासून ठरवायचे असते.

शिंदखेड्याच्या शाळेत या दोघांना कोण वेगळे करतो? एक पोर लोहाअभावी फिके, दुसरे सिकलसेलमुळे फिके. दोघांनाही सोमवारी तीच निळी गोळी. आठवड्याच्या एका गोळीने सिकलसेलच्या पोराचे फारसे बिघडणार नाही, पण त्याचा आजार मात्र “अशक्तपणा” म्हणून वर्षानुवर्षे झाकला जाईल. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023ला शहडोलमध्ये जाहीर झाले. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. शिंदखेड्याला त्यात किती वाटा मिळाला हे कुठल्याही गावकऱ्याला वाचता येईल अशा फलकावर लावा. 2047 साली आजची पहिलीतली मुलगी स्वतः आई असेल. तिचा निकाल तिला लग्नाआधी कळायला हवा.

आणि आता ताट.

खानदेशाचे खाणे लोहाला वाईट नाही, हे मी ठासून सांगतो. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमहून जास्त लोह असते, ज्वारीत चारच्या आसपास. पांढऱ्या तांदळात एकही पूर्ण मिलिग्रॅम नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वर अंबाडीची भाजी किंवा तांदुळजा, कधी तापीचा मासा, कधी ओढ्यातला खेकडा, हे इथल्या गरिबाचेही जेवण होते. धान्यातले लोह शरीराला सहज लागत नाही हे खरे. म्हणूनच त्याच्या जोडीला पाला, आंबट काही, आणि मधूनमधून मासळी-मटण लागते. ती जोड तुटली. शाळेच्या आहाराचा कणा तांदूळ आहे: प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम, उच्च प्राथमिकच्या मुलाला 150. रेशनवरही गहू आणि तांदूळ. बाजरीच्या मुलखातले पोर दुपारी शाळेत भात खाते, रात्री घरी भात खाते, सकाळी भाकरीच्या तुकड्याबरोबर काळा चहा पिते. चहा जेवणाबरोबर प्यायला तर पोटात गेलेले लोहही अंगी लागत नाही.

भाजी कुठे गेली, याचे उत्तर शेतात आहे. भिल्ल बाया पाटलाच्या कपाशीत निंदणीला जायच्या. तण उपटताना घोळ, तांदुळजा, कुरडू, कोवळा तरोटा, माठ यांचा वेगळा ढीग करायच्या आणि संध्याकाळी ओच्यात घालून घरी आणायच्या. मजुरी रोकडीत मिळायची, भाजी फुकट मिळायची, आणि कुणी तिला पोषण म्हणत नव्हते. मग तणनाशक आले. फवारा मारला की निंदणीची मजुरी गेली आणि त्याच फवाऱ्यात भाजीही गेली. शेतकऱ्याचा खर्च वाचला, त्याला मी दोष देणार नाही; मजूर मिळत नाहीत हे त्याचेही खरेच आहे. पण एका फवाऱ्याने भिलाटीचे एक जेवण काढून घेतले, आणि ते कुठल्याच सर्वेक्षणात नुकसान म्हणून नोंदले गेले नाही. शाळेच्या आहारात मुलामागे 50 ते 75 ग्रॅम भाजीचा नियम आहे. ती भाजी म्हणजे खिचडीतले दोन बटाटे, की शाळेच्या आवारातल्या शेवग्याचा पाला, हे मुख्याध्यापक आणि स्वयंपाकीण मिळून ठरवू शकतात. शेवगा खानदेशच्या उन्हात उभा राहतो, पाणी फार मागत नाही, आणि एकदा लावला की वर्षे देतो. ज्या शाळेच्या कुंपणाला शेवगा नाही तिथे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आधी रोप न्यावे, मग रजिस्टर तपासावे.

तांदळातच लोह मिसळण्याचा मार्ग सरकारने धरला. 2021च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी गुणसंवर्धित तांदळाची घोषणा केली. त्यात किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असावे असे मानक. म्हणजे पोराच्या शंभर ग्रॅमला तीन-चार मिलिग्रॅम. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण हे दाणे इतर तांदळापेक्षा वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि गावोगाव “प्लास्टिकचा तांदूळ” म्हणून निवडून फेकले गेले. ज्या बाईच्या हातात सूप आहे तिला आधी समजावून सांगायची तसदी कुणी घेतली नाही. लोह कारखान्यात घातले, आणि सुपातून उकिरड्यावर गेले.

मग अंडे. नोव्हेंबर 2023मध्ये महाराष्ट्राने शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जे अंडे खात नाहीत त्यांना केळी किंवा फळ. जानेवारी 2025मध्ये राज्याने अंड्यासाठीचा वेगळा पैसा थांबवला आणि सांगितले की शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून द्यावे. लोकसहभाग कुणाचा? ज्या शाळेत बहुतेक मुले भिलाटीची, तिथल्या समितीतले पालक जानेवारीत बारडोलीला ऊस तोडत होते. जे गावात उरले ते दोंडाईचाच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडत होते, किंवा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, म्हणून कुणाच्या तरी खळ्यावर होते. त्यांनी वर्गणी काढून अंडे द्यावे, असे म्हणणाऱ्याने एकदा सालदाराची वर्षाची उचल किती आणि फेड किती ते विचारून यावे. एका अंड्यातले लोह दोन मिलिग्रॅमच्याही आतले, हे मला ठाऊक आहे. अंड्याने एकट्याने ॲनिमिया जाणार नाही. पण अंड्याबरोबर प्रथिने येतात, ब-12 येते, आणि महत्त्वाचे म्हणजे पोर शाळेत येते. आठवड्याच्या ज्या दिवशी अंडे, त्या दिवशी हजेरी किती असते ते कुठल्याही गुरुजींना विचारा. त्याच दिवशी गोळीही द्या, म्हणजे गोळी चांगल्या भरल्या पोटी जाईल आणि मळमळीच्या तक्रारीही कमी होतील.

या निळ्या गोळीतल्या फॉलिक ॲसिडचा धागा महाराष्ट्रातच निघतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या बाया बाळंतपणात रक्त कमी होऊन मरत होत्या. हाफकिन संस्थेत तिने काम सुरू केले. जंतू सापडतो का ते पाहिले, सापडला नाही. मग ती त्या बायांच्या खाण्याकडे वळली: कोण काय खाते, किती खाते, कुणाला परवडते, कुणाला नाही. जितके ताट गरीब तितके रक्त कमी, हे तिला दिसले. यीस्टच्या अर्काने त्या बाया बऱ्या झाल्या, त्याबद्दल तिने 1931मध्ये लिहिले, आणि त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. शंभर वर्षांपूर्वी परक्या मुलखातून आलेली बाई परळच्या कामगारिणीच्या ताटात डोकावली. आपले खाते धुळ्याहून शिंदखेड्याला गाडी काढते, आणि भिलाटीच्या चुलीपर्यंत न जाता शाळेच्या कार्यालयातून परत फिरते.

आता मागणी, आणि ती नेमकी आहे. तालुक्यातल्या सर्व शाळांतल्या मुलांची बोटाच्या रक्तावर हिमोग्लोबिन तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा. तेव्हा पोरे गावात असतात. पोळा झालेला असतो किंवा जवळ आलेला असतो, आणि मुकादमाची गाडी अजून यायची असते. भिल्ल आणि इतर आदिवासी मुलांची सिकलसेलची चाचणी त्याच दिवशी करा. जी संशयित निघतील त्यांचे नमुने पक्क्या तपासणीला पाठवा आणि निकाल पालकांच्या हातात द्या, फायलीत नको. ज्यांचे रक्त कमी आहे त्यांना उपचाराची मात्रा सुरू करा, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आईच्या हवाली करा, कशी द्यायची ते तिला तिच्या भाषेत सांगा. फडावरच्या कोपीतही पोर ती गिळेल, कारण “आंगमा रगत नही” हे तिला आपल्याआधी कळलेले आहे. गावाला परत आल्यावर, होळीनंतर, पुन्हा थेंब घ्या. गुजरातच्या शाळेत वा आरोग्य केंद्रात दाखवता येईल असे एक कार्ड द्या: हिमोग्लोबिन किती, सिकलसेल आहे की नाही, औषध कधीपर्यंत. बारडोलीचे केंद्र पोराची जात, जिल्हा, क्षेत्र विचारणार नाही. ते कार्ड पाहील.

यातले काहीही नवे नाही. यंत्र आहे, पथक आहे, आशा कार्यकर्ती आहे, गोळ्या आहेत, शिंदखेड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी आणि आदिवासी विकासाचे प्रकल्प अधिकारी या चौघांनी एका टेबलावर बसून तारखा ठरवायच्या आहेत. क्षेत्र अनुसूचित नाही म्हणून प्रकल्प कार्यालयाने अंग काढू नये. आदिवासी मूल शिंदखेड्यात राहिले तरी त्या कार्यालयाचेच असते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीची पुढची सभा असेल तेव्हा हा विषय घ्या. आणि सभेत गोळ्या किती वाटल्या हे विचारू नका. किती पोरांचे रक्त मोजले, त्यातली किती रेषेच्या खाली, किती आठच्या खाली, आणि त्यांतली किती आज कुठल्या फडात आहेत, ते नावानिशी विचारा.